मानेमागची फट

गणपतीची आरास करायची म्हणून केतकीने माळ्यावरचं खोकं खाली ओढलं, तेव्हा त्याच्यामागून माझ्या नातीचं, इराचं, चंदेरी हेल्मेटही घरंगळत आलं. कागदाच्या लगद्याचं. एका बाजूने चेपलेलं, काचेच्या जागी लावलेला पिवळा कागद सुटून लोंबणारा. "बाबा, हे टाकून देऊ का? कागदाच्या कचऱ्यात जाईल," केतकीने विचारलं. मी म्हटलं, "राहू दे." माझ्या मुलीला माझे सूर कळतात. ती मखराचे खांब पुसायला लागली.

या देशात हेल्मेट ही तशी परकीच वस्तू. नेदरलँडमधल्या या न्यूनेन गावाच्या रस्त्यांवरून शाळकरी पोरं, कामाला निघालेल्या बाया, माझ्याहून म्हाताऱ्या आज्या सायकलवरून जातात, डोकी उघडी टाकून, वाऱ्याला केस देऊन. मी आलो तेव्हा पुण्याहून नातीसाठी सायकलचं हेल्मेट आणलं होतं. तिने ते एकदा घातलं, शाळेतली मुलं हसली आणि ते खुंटीला गेलं. तीन महिन्यांसाठी आलो होतो. मग विमानं बंद झाली. पुन्हा सुरू झाली तेव्हा केतकी म्हणाली, "या वयात नाही." व्हिसा वाढत गेला. हा माझा इथला दुसरा गणपती. अंग थकलेलं नाही फारसं, इथली हवा चांगली आहे. पण रिकामा वेळ माणसाला दमवतो. करायला काही नसलं की जे केलं ते सगळं समोर येऊन बसतं.

तो पहिला वसंत आठवतो. झाडांना गुलाबी बहर आलेला आणि रस्त्यावर माणूस नाही. चर्चची घंटा वाजायची, तिला ओ देणारं कोणी नाही. इथल्या घरांच्या खिडक्यांना पडदे नसतात, आतलं सगळं दिसतं. पण त्या दिवसांत आतली माणसंही भिंतींसारखी वाटायला लागली होती. लोकांनी खिडक्यांत कापसाची अस्वलं आणून बसवली. शाळा नाही, मित्र नाहीत, तर निदान मुलांनी फिरताना अस्वलं शोधावीत. मी आणि इरा रोज अस्वलं बघत हिंडायचो. समोरून कोणी आलं की ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि तिथून हात करायचे. इतक्या अदबीने आजवर मला कोणी टाळलं नव्हतं.

त्याच दिवसांत इराचं स्प्रेकबर्ट आलं. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला आपला एक विषय निवडून वर्गापुढे उभं राहून बोलावं लागतं, त्याला हे नाव. मुलं घोडे निवडतात, ससे निवडतात, फुटबॉल निवडतात. इराने अंतराळवीरांची पहिली हेल्मेटं निवडली. तेव्हा सगळं जगच तोंड झाकायला लागलं होतं, त्यातून सुचलं असेल. वर्ग लॅपटॉपच्या पडद्यावर भरायचा, त्यामुळे बोलायचंही पडद्यापुढेच. तयारीला आजोबा मोकळे. मी जन्मभर पिंपरीच्या कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढली, त्यामुळे आकृत्या वाचायचं काम माझ्याकडे आलं. इराला मराठी समजतं, उत्तरं मात्र ती इंग्रजीत नाहीतर डचमध्ये देते. तिचं बोलणं मी इथे माझ्या भाषेत लिहितो आहे.

ती हेल्मेटं खरोखर बघण्यासारखी आहेत. अमेरिकनांची पहिली हेल्मेटं उंच उडणाऱ्या वैमानिकांच्या टोपांवरून बेतलेली. ज्याचं डोकं त्याच्या मापाचं आतलं अस्तर, घट्ट, बोट शिरणार नाही असं. पुढे काच खाली ओढली की हवा बंद. मान वळवायची तर डोक्यावरचं सगळं ओझंही वळवायचं. पुढे चंद्रावर जायची वेळ आली तेव्हा कारागिरांनी विचारच बदलला. डोक्याला हेल्मेट बसवायचंच नाही. एक पारदर्शक गोल घुमट करायचा, तो गळ्याच्या कड्यात पक्का अडकवायचा आणि आत डोकं मोकळं सोडायचं. घुमट हलणार नाही, माणसाने आतल्या आत हवं तिकडे बघावं. बाजूला एक इवलंसं भोक, त्यातून नळी घालून पाणी प्यायचं.

केतकी कामावरून घरात आलेली, म्हणजे जेवणाच्या टेबलावरून उठून स्वयंपाकघरात आलेली, आमच्या मागे उभी राहून ऐकत होती. ती आइंडहोव्हनच्या एका कंपनीत चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करते. "आमच्याकडे उलटं असतं, बाबा," ती म्हणाली. "आम्हीही डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालतो, पण तो आम्हाला वाचवायला नाही. यंत्राला आमच्यापासून वाचवायला."

"म्हणजे माणूस हाच कचरा," मी म्हटलं.

"माणसाचा श्वास," ती म्हणाली आणि चहा टाकला.

हेल्मेट करायचं ठरलं तेव्हा मी सवयीने म्हणालो, माठ आणा. माठ कुठला इथे. मग इराने फुगा फुगवला, त्यावर आम्ही जाहिरातींच्या कागदाचे तुकडे कणकेच्या खळीने चिकटवत गेलो, थरावर थर. वाळल्यावर फुगा फोडला. चेहऱ्यासाठी चौकोन कापला, पिवळा पारदर्शक कागद लावला, चंदेरी रंग दिला. इराने ते घातलं, आरशात पाहिलं, काढलं आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "आजोबा, यात हवा येते कुठून? आणि जाते कुठे?"

मी टॅबलेटवरची आकृती पुढे ओढली. घुमटाच्या मागच्या बाजूला, डोक्याच्या पाठीशी, एक पातळ गादी काढलेली होती. तिथून प्राणवायू आत येतो, डोक्यावरून पुढे वाहतो, काचेवरून, तोंडावरून खाली उतरतो. सोडलेला श्वास तोंडापुढे साचू नये, काचेवर वाफ धरू नये, म्हणून. सगळं हेल्मेट म्हणजे खरं तर ती मागची जागा. पुढून फोटोत ती दिसत नाही.

मी टॅबलेट पालथा ठेवला. इराला म्हटलं, "उरलेलं उद्या."

चंद्रावर माणूस उतरला त्या वर्षी आमच्या आळीच्या मंडळाने चंद्राचाच देखावा केला होता. पुण्यात त्या साली निम्म्या मंडळांनी तोच केला असेल. पण आमचा जिवंत. पोत्यांवर प्लास्टर थापून खड्ड्याखड्ड्यांची जमीन, मागे निळ्या कापडावर चांदण्या, एका बाजूला पृथ्वी, तिच्यावर गणपती, आणि मधोमध खराखुरा माणूस, अंतराळवीराच्या वेशात, पुतळ्यासारखा उभा. टेपवर निवेदन चालायचं. "आणि आता मानव चंद्रावरून हात उंचावून गजाननाला वंदन करीत आहे," असं वाक्य आलं की त्याने हात वर करायचा. लोक टाळ्या वाजवायचे आणि रांग पुढे सरकायची.

अंतराळवीर होता वसंत. माझा शेजारी, माझ्याच वयाचा, उंचापुरा, सतरा वर्षांचा. हेल्मेट माझं. वर्तमानपत्रातला एक धुरकट फोटो समोर ठेवून मी ते माठावर कागद थापून केलं होतं. काचेच्या जागी सोड्याने धुतलेली एक्स-रे फिल्म, तिच्यावर पिवळा जिलेटिनचा कागद. आतून बाहेरचं दिसायचं, बाहेरून आतलं नाही. पोशाख गादीच्या खोळीचा, आत कापूस, आणि गळ्याशी तो हेल्मेटला दोऱ्याने शिवून टाकायचा. मानेमागे मी आडवी फट ठेवली होती, चार बोटं जातील एवढी. पहिल्या तालमीला वसंत म्हणाला होता, "मध्या, ही फट आहे म्हणून बरं. तिथून गार लागतं." आकृतीतली ती गादी मी तेव्हा पाहिलेली नव्हती. फट ठेवली ती केवळ वाटलं म्हणून.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी आमचे अध्यक्ष नाना आले. सगळीकडून फिरून बघितलं आणि म्हणाले, "रांग मागच्या अंगानेही जाणार. ते भोक दिसतंय रे. चंद्रावरच्या माणसाला भोक असतं का कुठे?" सगळे हसले. मला ते लागलं. मी खळ आणली, कागदाचे दोन थर दिले, रंग मारला. फारच सुबक झालं. वसंत तेव्हा घरी जेवायला गेला होता. तो आला, आम्ही त्याला शिवलं, तो उभा राहिला. त्याला सांगायचं राहिलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होतो. राहिलं नव्हतं. तो नाही म्हणेल आणि नानांपुढे माझं हेल्मेट परत कुरूप होईल, म्हणून मी बोललो नाही.

दिव्यांची धग तोंडावर होती. दोन-तीन खेळ नीट झाले. मग एका खेळाला ते वाक्य आलं आणि हात वर गेला नाही. नानांनी टेप मागे फिरवून पुन्हा लावली. "मानव हात उंचावून." मानव थोडा झुलला आणि आडवा झाला, प्लास्टरचा एक खड्डा फुटला. लोकांना वाटलं, हाही देखावाच. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पडद्यामागे नेऊन टाके उसवले, हेल्मेट काढलं. वसंताच्या डोक्यावर पाणी मारत नाना ओरडले, "हवा नव्हती का आत?" मी म्हटलं, "मागे फट आहे की. घाबरला असेल गर्दीला." आणि सगळे त्याच्याभोवती वाकलेले असताना मी हेल्मेट घेऊन कोपऱ्यात गेलो आणि दाढीच्या ब्लेडने फट कापून मोकळी केली. उरलेले दिवस त्या हेल्मेटात मीच उभा राहिलो. मागून गार वारा लागत होता. मला काही झालं नाही. लोक म्हणाले, बघा, मधूला काही होत नाही.

यातलं हे शेवटचं सगळ्यात वाईट. मी केवळ खोटं बोललो नाही, मी त्या खोट्याचा पुरावा होऊन रोज तिथे उभा राहिलो.

वसंताचं नाव भोवळ्या पडलं. आळीत टोपणनावं सगळ्यांनाच होती, ती मायेचीच असतात असं आपण म्हणतो. गॅदरिंगला कोणी नाव पुकारलं की मागून आवाज यायचा, "पाणी आणा रे." तो हसायचा. पुढे तो महापालिकेत लागला, नेकीने नोकरी केली, निवृत्त झाला. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी विनोदी लेख लिहिला, 'अवकाशवीर आडवे झाले'. फार गाजला. गर्दी पाहून चंद्रावरचा माणूस कसा थरथरला, त्याचे गुडघे कसे वाजत होते आणि ते टेपमध्ये कसे ऐकू येत होते, असं पुष्कळ मी रचलं. गुडघे वाजले नव्हते. मी आत्ता पहिल्यांदा लिहितोय, त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं.

इराने तिचं भाषण दिलं. पडद्यावर मुलांच्या चौकटी, मध्ये तिची. हेल्मेटला तिने मागे भोक पाडलं होतं, रंग न देता, खडबडीत. ते ती वळून वळून सगळ्यांना दाखवत होती. तेवढंच मला समजलं, बाकी डच. मग हेल्मेट खिडकीत गेलं. आमच्या खिडकीपाशी मुलं थांबायची आणि अस्वल कुठे आहे ते शोधायची.

त्या वर्षी मंडळाचा गणपती मांडवात बसला नाही. आळीतले जुने लोक जगभर पांगलेले. कोणाच्या तरी मुलाने सगळ्यांना झूमवर जमवलं. आरती झाली, प्रत्येक घरातून वेगवेगळ्या वेळी पोचणारी, त्यामुळे ती संपेचना. मग नानांचा मुलगा म्हणाला, "मधूकाका नेदरलँडहून आलेत, त्यांचाच लेख वाचतो." त्याने तो वाचला, गुडघ्यांसकट, आवाज काढून. चौकटी हसत होत्या. एका चौकटीत वसंतही हसत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. तो हसताना इकडेतिकडे बघत होता, बाकीचे थांबले का ते पाहायला. मी मंद हसलो आणि माझा आवाज बंदच ठेवला. त्या बटणासारखी सोय माझ्या आयुष्यात उशिरा आली. तिच्याशिवायही मी ते काम बरं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन केला.

"कोण, मध्या? काल मजा आली रे. आमच्या हिने हसून चहा सांडला."

"वश्या, हेल्मेटला मागे फट होती ना, ती मी उद्घाटनाच्या दिवशी बुजवली होती. तू जेवायला गेलास तेव्हा."

"कसली फट?"

"मानेमागची. तू पडलास तेव्हा ती बंद होती. नंतर मी ब्लेडने कापली."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे हवा नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती. तू घाबरला नव्हतास, वश्या."

"मध्या, माधवीच्या लग्नात कन्यादानाला मी बसलो नाही. तू होतास की तिथे. दादाला बसवलं. गुरुजी म्हणत होते, मुलीचा बाप आहे ना, मग? मी म्हटलं, नको, मला एवढ्या लोकांपुढे भोवळ येते." मग जरा थांबून, "कधी आलीच नाही रे नंतर. मी कधी उभाच राहिलो नाही ना, मग यायची कशी."

मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही, आणि त्याला महत्त्वही नाही.

"ठेवतो. कुकर झालाय," तो म्हणाला.

त्यानंतर त्याचा फोन नाही. मी केलेला तो उचलेना. इथे हिवाळा आला, चारला अंधार पडायला लागला. दुकानातही तोंड झाकायची सक्ती झाली. बाहेर आलं की मास्कमधला श्वास चष्म्यावर चढायचा आणि सगळं गाव पुसून जायचं. मी चष्मा काढून फाटकाशी उभा राहायचो. आपल्याच श्वासाने आपण आंधळे होतो, हे मला पन्नास वर्षांनी समजायचं तर समजावं, पण वसंताला ते सतराव्या वर्षी, दिवे अंगावर घेऊन, दोऱ्याने शिवलेल्या अवस्थेत समजलं होतं. आणि त्याला मी सांगितलं होतं की हे भय आहे.

पुढच्या एप्रिलमध्ये पुण्याहून रोज वाईट बातम्या यायच्या. झाडांना पुन्हा तसाच गुलाबी बहर. मी उठलो की आधी फोनमध्ये वसंत शेवटचा कधी दिसला ते पाहायचो. मध्ये दिसेनासा झाला. माधवीला विचारायची माझी हिंमत नव्हती. आणि एका दुपारी त्याचाच फोन. आवाज खोल गेलेला.

"मध्या, घरीच आहे. नाकाला नळी लावलीय. आता येतीय बघ हवा."

मी हसावं की काय ते कळेना. तोच हसला आणि खोकला.

"ते हेल्मेटचं लिही," तो म्हणाला. "जिथे पहिलं लिहिलंस तिथे. विनोदी नको."

"लिहितो."

"आणि एक. पन्नास वर्षं सगळ्यांनी विचारलं, वश्या, का पडलास. आत काय दिसत होतं ते एकानेही विचारलं नाही. तूसुद्धा नाही. हेल्मेट तुझं होतं."

"काय दिसत होतं?"

"आता नाही," तो म्हणाला. "आता दम लागतो."

तो बरा झाला. या वर्षीही गणपती झूमवरच जमला. मखर इथे दिवाणखान्यात, कडेला इराचं चेपलेलं हेल्मेट. तिने ते उंदराशेजारी ठेवलं होतं. आरतीनंतर मी म्हटलं, मला थोडं बोलायचंय, आणि वर जे लिहिलंय ते सांगितलं. लेख खोटा होता हेही. मला वाटलं होतं, काहीतरी कोसळेल. एक जण म्हणाला, "मधू, आवाज तुटतोय." नानांचा मुलगा म्हणाला, "जाऊ द्या हो काका, लहान होता तुम्ही." एका बाईंनी विचारलं, "पण पडला तो शिरीष ना?" इतकी वर्षं मी जे ओझं वाहत होतो, त्याचं वजन त्यांच्या तराजूत काहीच नव्हतं. ज्यांनी वसंताला हसून घेतलं, त्यांना तो वसंत होता हेही धड आठवत नव्हतं.

मग वसंत म्हणाला, "मी बोलतो." आणि तो उभा राहिला.

झूमवर कोणी उभं राहत नाही. तो उभा राहिला आणि त्याचं डोकं चौकटीच्या वर निघून गेलं. उरला फक्त सदरा, बटणं आणि थोडी खाली सरकलेली विजार.

"वसंतराव, बसा, दिसत नाही तुम्ही," कोणीतरी म्हणालं.

"डोकं तेव्हाही दिसत नव्हतं," सदऱ्याच्या वरून आवाज आला. "उभ्यानेच बोलणार."

चौकटी हसल्या. तो त्यांचं हसू संपेपर्यंत थांबला.

"आधी लोक दिसत होते. मग काचेला वाफ धरली. माझ्याच श्वासाची. तिच्यात दिवे विरघळले, सगळं पिवळं झालं, लोक गेले, मांडव गेला. कानात नुसता माझा श्वास. मला वाटलं, मी खरंच पोचलो. टेप ऐकू येत होती, हात वर करा, हात वर करा. म्हटलं, हे खालचे लोक कशाला ओरडतायत. म्हणून केला नाही."

इरा माझ्या खुर्चीला टेकून बघत होती. "ते उभे का आहेत?" तिने हळूच विचारलं.

"बस, एवढंच होतं," वसंत म्हणाला. पण तो खाली बसला नाही. त्याचा एक खांदा हळूहळू उचलला गेला, सदरा एका बाजूने वर ओढला गेला, खालचं बटण ताणलं. हात चौकटीबाहेर होता. तो कुठवर वर गेला ते आम्हाला कोणालाच दिसलं नाही.